सिस्टरांचं नाक

एक कबुली आधीच देऊन टाकते, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा. माझी मुलगी चार महिन्यांची असताना, जी वस्तू तिच्या पोटात गेली तर शीतून रक्त पडतं असं डॉक्टरांनी मला बजावून सांगितलं होतं, तीच वस्तू मी तिला सत्तावीस दिवस रोज सकाळी स्वतःच्या हाताने भरवत होते. न्हाऊ घालून, धुरी देऊन, तीट लावून, वर गाणं म्हणत. आणि चोर म्हणून पकडलं होतं सासूबाईंना.

मला ज्यांनी पकडलं, त्या सिस्टर.

त्यांचं नाव सांगत नाही, कारण कुणी कधी घेतलंच नाही. मुलुंडला आमच्या मुलांच्या डॉक्टरांकडे त्या सिस्टर, भांडुपच्या त्यांच्या चाळीत सिस्टर, बसचा कंडक्टरही दांडीला धरून "या सिस्टर" म्हणायचा. सडपातळ, काळ्यासावळ्या, पांढरी साडी घोट्याच्या चार बोटं वर, पायात रबरी चपला. आयुष्याची वीसेक वर्षं त्यांनी गोवंडीच्या बाजूला पालिकेच्या दवाखान्यात काढली होती आणि तिथून निवृत्त झाल्यावर आमच्या डॉक्टरांकडे आल्या होत्या. वजनकाट्याशेजारी एक लाकडी स्टूल होतं. त्यावर त्या बसायच्या आणि आलेल्या प्रत्येक मुलाचा आधी वास घ्यायच्या.

हो, वास. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, जी बोट लावून दूध तापलंय का सांगतात, किंवा नुसत्या पावलावरून कोण आलं ते ओळखतात. सिस्टरांचं सगळं नाकात होतं. मूल हातात घेतलं की पहिलं नाक टाळूवर, मग मानेच्या घडीत, मग मुठी उघडून तळहातावर. थर्मामीटर त्यानंतर.

एकदा एक गृहस्थ खोकणारं बाळ घेऊन आले. सिस्टरांनी बाळाच्या जावळाचा वास घेतला आणि विचारलं, "घरात विडी कोण ओढतं?"

"कुणी नाही."

सिस्टरांनी मान पुढे करून त्या गृहस्थांच्या शर्टाचाही वास घेतला. गृहस्थ स्वतःच उठून खिशातलं बंडल खिडकीबाहेर टाकून आले. आणखी एक बाई होत्या, मोठ्या टापटिपीच्या, बाळाच्या बाटलीला विणलेला अंगरखा घातलेला. सिस्टरांनी बूच काढून हुंगलं आणि बाटली परत दिली. "ही काल उकळलेली. आजची कुठाय?" डॉक्टर आतून हसत म्हणायचे, "माझी लॅब बाहेर स्टुलावर बसते."

बोलायच्या त्या दोन प्रकारचं. दवाखान्यात नीटनेटकी मराठी. पण राग आला किंवा माया आली की मालवणी, आणि रागाची मालवणी कुठली नि मायेची कुठली हे ओळखायला मला निदान दोन महिने लागले.

त्यांचा एक प्रश्न ठरलेला होता. "तोंडात काय काय गेलं?" काय खायला देता, असं त्या कधी विचारत नसत. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाल्या, "खायला काय देता विचारलं की बायका जेवण सांगतात. तोंडात काय गेलं विचारलं की खरं सांगतात. रांगोळी, खडूचा तुकडा, शेजारणीची जिलबी."

हाच प्रश्न त्यांनी मलाही विचारला होता. ते पुढे येईलच. एवढी घाई नका करू.

आता माझ्याबद्दल थोडं, कारण त्या वयातली मी ही पाहण्यासारखी चीज होती. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी बी. एस्सी., तेही रसायनशास्त्र घेऊन, आणि विमा कंपनीत नोकरीला. आमच्या दोन खोल्यांच्या घरात विज्ञानाची मी एकटीच प्रतिनिधी आहे अशी माझी समजूत होती. सासूबाई गिरगावातल्या, चार मुलं वाढवलेल्या. मुलीला त्या पाळण्यात कसं निजवतात यातही मी सुधारणा सुचवायचे. त्या ऐकून घ्यायच्या आणि माझी पाठ फिरली की आपल्या पद्धतीने निजवायच्या. मूल दोघींच्या पद्धतीने झोपायचं.

माझी मुलगी मनू दोन महिन्यांची असताना मला टायफॉइड झाला. मी उठून बसेपर्यंत अंगावरचं दूध आटलं होतं. मग डब्यातली दुधाची पावडर आली. आठवड्याभरात मनूचे गाल लाल, खरबरीत झाले, कोपराच्या घड्या फुटल्या. पाजलं की उलटी. मग दुपट्यावर रक्ताचा पहिला धागा दिसला. मी तो उजेडात नेऊन तीनदा पाहिला, दुपट्याचाच लाल दोरा असेल म्हणून. दोरा नव्हता.

डॉक्टरांनी सोयाबीनची पावडर देऊन पाहिली. तिनेही तेच झालं. वजन वाढायचं सोडून उतरायला लागलं. तेव्हा त्यांनी आम्हा दोघांना बसवून सांगितलं, "दुधातलं प्रोटीन म्हणजे मण्यांची माळ समजा. हिचं पोट ती माळ ओळखतं आणि भांडायला उठतं. एक वेगळी पावडर असते, तिच्यात माळ आधीच तोडून मणी सुटे केलेले असतात. सुटे मणी पोटाला ओळखू येत नाहीत. पण ती आपल्याकडे सहज मिळत नाही. बाहेरून आणवावी लागेल."

मी मान डोलावली, जणू असल्या माळा मी कॉलेजात रोज तोडत होते.

माझे धाकटे दीर आखातात होते. तळमजल्यावरच्या दुकानातून ह्यांनी ट्रंक कॉल लावला आणि ओरडून ओरडून पावडरीचं नाव एकेक अक्षर करून सांगितलं. सगळ्या बिल्डिंगला ते पाठ झालं. दोन आठवड्यांनी दिरांच्या ओळखीचे एक जण सहा डबे घेऊन आले. डॉक्टर म्हणाले, "चार आठवडे. फक्त हेच आणि उकळलेलं पाणी. दुधाचा थेंब नाही, दही नाही, तुपाचं बोट नाही. चार आठवड्यांत फरक पडला नाही तर मोठ्या हॉस्पिटलात ठेवून सलाइनवर घ्यावं लागेल. मुलगी फार बारीक झाली आहे, मला वाट बघायची नाही."

डबा उघडला आणि मी खिडकी उघडली. ओलं गोणपाट आणि उकडलेले बटाटे एकत्र नासले तर जो वास येईल, तो. मी बोटावर घेऊन चाखलं. कडू. मनूचं मतही आईसारखंच पडलं. चमचा ओठांना लागला की ती जिभेने सगळं बाहेर ढकलायची. दीड दिवस हेच चाललं. सासूबाई म्हणाल्या, "चिमूटभर वेलची घालून बघू या का?" मी म्हणाले, "आई, हे शास्त्र आहे, शिरा नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी सिस्टर बस पकडायच्या आधी आमच्याकडे आल्या. कुणी बोलावलं नव्हतं. मनूला त्यांनी हुंगलं, डब्यात नाक घातलं. हुंगून बाहेर काढलेलं ते नाक जराही वाकडं झालं नाही, हे मी तेव्हा पाहिलं पण समजले नाही.

"भरव," म्हणाल्या. मी चमचा पुढे केला. मनूने परत केला.

"आरसा आहे घरात?"

ह्यांचा दाढीचा आरसा होता. सिस्टरांनी तो माझ्या तोंडासमोर धरला. "आता परत भरव. पोरीकडे नको, इथे बघ."

काय सांगू तुम्हाला! आरशात जी बाई होती तिला कुणीतरी नाक दाबून एरंडेल पाजत होतं. भुवया वर, ओठ खाली, नाकाला सुरकुत्या.

"तू असं तोंड करणार आणि पोरीने काय म्हणायचं, वा वा?" सिस्टर म्हणाल्या. मग त्यांनी एका कपात पावडर कालवली, मनूला मांडीवर समोरासमोर बसवलं आणि तिच्या डोळ्यांत बघत बघत स्वतः तो कप प्यायल्या. सावकाश. मिटक्या मारत. शेवटी ओठ पुसून "आहाहा" सुद्धा म्हणाल्या. मनू टक लावून बघत होती. सिस्टरांनी वाटीतला चमचा तिच्या ओठांशी नेला. अर्धा आत गेला. मग आणखी अर्धा.

अठ्ठावीस चमचे झाल्यावर त्यांनी मनूला सासूबाईंच्या हातात दिलं, स्वयंपाकघरात आल्या आणि माझ्या कानाशी म्हणाल्या, "गुळाचो खडो दे गो बाय, जीव जाता माझो."

त्या दिवसापासून मनू ती पावडर घेऊ लागली. मी तोंड सरळ ठेवायला शिकले. ती विद्या पुढे ऑफिसातही उपयोगी पडली.

मी एक वही केली. दोनशे पानी, पट्टीने आखलेली. वेळ, पावडरीचे चमचे, पाणी, उलटी, शी, शीचा रंग. सगळे रकाने भरलेले, लाल शाईने खाली रेघ. दर सोमवारी दवाखान्यात जाताना ती वही मी मंगळसूत्रासारखी मिरवत न्यायचे.

पहिले आठ दिवस बरे गेले. उलट्या थांबल्या, लाली निम्मी झाली. आम्हाला वाटलं, सुटलो. पण मग सगळं तिथेच अडकलं. गाल पुन्हा खरबरीत, दिवसाआड रक्ताचा धागा, आणि काट्यावर वजन जिथल्या तिथे. दुसरा आठवडा गेला, तिसरा गेला. सिस्टरांनी त्या तिसऱ्या सोमवारी मनूची टाळू हुंगली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"तोंडात काय काय गेलं?" त्यांनी मला विचारलं.

मी त्यांचं वाक्य पुरं होण्याआधीच वही पुढे केली. "सगळं यात आहे, सिस्टर. पावडर आणि उकळलेलं पाणी. दुसरं काही नाही."

"काहीच नाही?"

"दुधाचा थेंब नाही. शपथ घेते."

त्यांनी वही चाळली, मिटली, परत दिली. डॉक्टर म्हणाले, "आणखी एक आठवडा. नाहीतर पुढच्या सोमवारी ॲडमिट."

घरी येताना रिक्षात माझ्या रसायनशास्त्राने निष्कर्ष काढला. मी देत नाही, पण मुलीला दूध मिळतंय. म्हणजे दुसरं कुणीतरी देतंय. घरात दुसरं कोण? आणि सासूबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या की नाही, "घोटभर गाईच्या दुधाने कुणाचं काय बिघडलंय? आमची चारही त्यावरच वाढली." शिवाय मनूच्या लाळेऱ्यावर मला एकदा पांढुरका डाग दिसला होता. खटला तयार.

त्या संध्याकाळी मी जे केलं ते लिहिताना आजही माझे कान गरम होतात. मी सासूबाईंना देव्हाऱ्यासमोर उभं केलं. "मी ऑफिसात असताना, नाहीतर मी झोपले की, तुम्ही हिला दूध देता. खरं सांगा." माझी रजा अजून संपलीही नव्हती, मी ऑफिसात जातच नव्हते. पण फिर्यादीला तपशिलाचं काय!

त्या म्हणाल्या, "तू आधी घे शपथ."

मी गणपतीच्या पायांवर हात ठेवला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "मी दुधाचा थेंब दिलेला नाही."

मग त्यांनी हात ठेवला. त्यांनी डोळे मिटून घेतले, आणि मी मनात म्हटलं, बघा, पुरावा.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी पलंगाखालची पत्र्याची ट्रंक ओढली आणि लुगडी घड्या करून भरायला घेतली. "रविवारी डोंबिवलीला थोरल्याकडे पोचव मला," असं त्या ह्यांना म्हणाल्या. "मी इथे नसले की पोरगी बरी होईल. झाली तर कळव." हे माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत, आईशीही बोलले नाहीत. बिचारे मनूशी बोलायचे.

शनिवारी सकाळी सातला दाराची कडी वाजली. सिस्टर. हातात कापडी पिशवी, पिशवीत डबा.

"आज माझी सुट्टी," म्हणाल्या. "मी इथे बसते. माझ्याकडे लक्ष देऊ नका. रोजचं रोजच्यासारखं करा."

आणि खरंच मोरीच्या बाजूला पाट टाकून बसल्या. दारात भरलेली ट्रंक होती, तिच्याकडे त्यांनी एकदा पाहिलं.

मनू उठली. सिस्टरांनी वास घेतला. टाळू, मान, मुठी, तोंड. "ठीक."

पावडर पाजली. वास घेतला. "ठीक."

सासूबाईंनी पायांवर घेऊन तेल लावलं, मी पाणी घातलं, पुसून धुरी दिली. वास घेतला. "ठीक." मी मनात म्हटलं, चोर काय पोलिसांसमोर चोरी करतो? ही बाई दिवसभर बसली तरी काही सापडायचं नाही.

मग मी मनूला मांडीवर आडवी घेतली, रोजचं ते चार ओळींचं गाणं म्हटलं, तिची गुटी तिला चाटवली, तीट लावली आणि पाळण्यात ठेवली.

सिस्टर उठल्या. पाळण्यात वाकल्या आणि मनूच्या ओठांशी नाक नेलं. बराच वेळ तसंच ठेवलं.

"हिच्या तोंडाक दुधाचो वास येता," त्या म्हणाल्या.

मी गर्रकन वळून सासूबाईंकडे पाहिलं. काय ती माझी नजर! विजयाची. मी म्हणणारही होते, बघा, म्हणत होते ना मी? पण सासूबाई मोरीपाशी तेलाचे हात धूत होत्या. गेली पंधरा मिनिटं त्या तिथेच होत्या, माझ्या डोळ्यांसमोर.

सिस्टर एव्हाना स्वयंपाकघराच्या ओट्याशी गेल्या होत्या. तिथे माझ्या माहेराहून आलेली सहाण होती. आईने पाठवलेली, तिच्या आईची. शेजारी गुटीची सामग्री: वेखंड, जायफळ, हिरडा, मुरडशेंग, हळकुंड, बदाम, सगळं ओळीने. आईने पोस्टकार्डावर कशाचे किती वेढे द्यायचे ते लिहून दिलं होतं आणि ते कार्ड मी भिंतीला चिकटवलं होतं. सिस्टरांनी सहाण दोन्ही हातांनी उचलली आणि नाकाशी नेली.

"ह्या कशात उगाळतंस?"

"गुटी ना? गाईच्या..." मी म्हणाले, आणि तिथे माझं तोंड उघडंच राहिलं.

गाईच्या दुधात. दोन चमचे. तबेल्यातून रोज सकाळी दूध आलं की त्यातलं वाटीत वेगळं काढून, निगुतीने. आईचं कार्डच तसं होतं. कारण गुटी म्हणजे औषध. गुटी हे काही दूध नव्हे. माझ्या वहीत सहा रकाने होते आणि सहाही खरे होते, पण गुटीला रकाना नव्हता. मी रोज गुटी देते हे घरात सगळ्यांना माहीत होतं, ह्यांना, सासूबाईंना, शेजारणीला. आणि कुणाच्याही, तुम्हाला सांगते, कुणाच्याही मनात ते दूध म्हणून आलं नव्हतं. पण रसायनशास्त्र त्यातल्या फक्त एकीने शिकलं होतं.

मी सासूबाईंकडे बघायची हिंमत करत नव्हते. आता त्या बोलणार. आता त्या जे बोलतील ते मी जन्मभर ऐकत राहणार, आणि ते बरोबरच असणार.

पण त्यांच्या आधी सिस्टर बोलल्या. सासूबाईंकडे वळून, नीटनेटक्या दवाखान्याच्या मराठीत. "आजी, चूक माझी आहे. मी यांना विचारलंच नाही. पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं, तोंडात काय काय जातं. माझं वय झालं, राहून गेलं. पोरीला तीन आठवडे उगाच त्रास झाला."

सासूबाईंनी हात पुसले. ओट्याशी आल्या, सहाण घेतली, घासून घासून धुतली आणि स्टुलावर चढून माळ्यावर ठेवली. उतरल्या. देव्हाऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"गणपती बिचारा गोंधळला असेल," म्हणाल्या. "दोघीही खरंच बोललो."

मग त्यांनी ट्रंक पायाने पलंगाखाली लोटली आणि सिस्टरांना विचारलं, "चहा घ्याल ना? आमच्याकडे दूध आहे, पण ते फक्त चहात घालतो."

मी हसले की रडले मला आठवत नाही. बहुतेक दोन्ही.

सोमवारी डॉक्टरांसमोरही सिस्टर तेच म्हणाल्या. "माझ्याकडून विचारायचं राहिलं." डॉक्टर त्यांच्याकडे बघत राहिले, कारण सिस्टरांचं कधी काही राहत नसे हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. पण त्यांनी ॲडमिट करायचं दोन आठवडे पुढे ढकललं.

दहाव्या दिवशी दुपटं स्वच्छ. चौदाव्या दिवशी कोपराच्या घड्या मिटल्या. पुढच्या सोमवारी काट्याचा काटा हलला आणि मी दवाखान्यात सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या. सिस्टरांनी मनूची टाळू हुंगली, डोळे मिटून. "आता पोरीक पोरीचो वास येता," म्हणाल्या.

दिरांकडून आणखी डबे आले, मग आणखी. मनू पावणेदोन वर्षांची झाल्यावर डॉक्टरांनी दुधाची परीक्षा घ्यायचं ठरवलं. त्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत ती दवाखान्यात सिस्टरांच्या मांडीवर होती. आधी ओठाला दह्याचं बोट. मग पाव चमचा. मग अर्धा. प्रत्येक वेळी सिस्टर तिचं अंग तपासत, वास घेत, घड्याळ बघत. संध्याकाळी मनूने वाटीभर दही खाल्लं, उरलेलं सिस्टरांच्या नाकाला लावलं आणि परीक्षा पास झाली. आज ती बाई साय चाटूनपुसून खाते आणि श्रीखंडाच्या पातेल्याजवळ कुणाला फिरकू देत नाही.

ते दशक संपता संपता सिस्टरांचे गुडघे गेले आणि त्या कुडाळकडे आपल्या गावी निघून गेल्या. दोनतीन वर्षं मे महिन्यात कुणाबरोबर तरी त्यांच्याकडून ओल्या काजूची पिशवी यायची. पिशवी उघडली की सासूबाई आधी तिचा वास घ्यायच्या आणि आम्ही दोघी हसायचो. मग एका वर्षी पिशवी आली नाही. पुढच्या वर्षीही नाही. आम्ही कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं.

गेल्या हिवाळ्यात मनूच्या मुलीला घेऊन मी त्याच दवाखान्यात गेले. आता तिथे डॉक्टरांची मुलगी बसते. वजनकाटा काचेचा आहे, आकडे चमकतात, स्टूल नाही. काउंटरवरच्या पोरीने मला भरायला एक छापील कागद दिला. बाळाचं नाव, वजन, लसी, आधीचे आजार. अगदी तळाशी, बाकी कशाशी संबंध नसलेली एक ओळ: "गुटी देता का? कशात उगाळता?"

"ही ओळ कुणी घातली गं?" मी विचारलं.

"माहीत नाही, आजी. पहिल्यापासून आहे."

मला माहीत होतं. त्या शनिवारच्या पुढच्या आठवड्यातच सिस्टरांनी दवाखान्याच्या कागदाखाली ती ओळ स्वतःच्या हाताने लिहायला सुरुवात केली होती, प्रत्येक कागदावर, गिचमिड अक्षरात. माझं नाव त्यात कुठेच नव्हतं. माझ्या मूर्खपणाचं एवढं सभ्य स्मारक दुसरं नाही.

राहता राहिलं एक. त्या शनिवारी चहा झाल्यावर मी सिस्टरांना बसस्टॉपपर्यंत सोडायला गेले होते. वाटेत मी नळासारखी रडत होते आणि त्या पिशवी सांभाळत पुढे चालल्या होत्या. बस दिसायला लागली तेव्हा मी त्यांचा हात धरला. म्हणाले, "सिस्टर, तुम्ही विचारलं होतंत मला. तोंडात काय काय गेलं, म्हणून. मीच वही पुढे केली. मग आईंसमोर खोटं का बोललात?"

त्यांनी माझ्याकडे नीट वळून पाहिलं. मान पुढे केली आणि, खोटं सांगत नाही, माझ्या टाळूचा वास घेतला. मग म्हणाल्या:

"आईक चारचौघांत रागावला ना गो, की दुसऱ्या खेपेक ती लपयता. माका तुझी पोरगी बरी करूची असा, तुका शाणी नाय. आता रडान झाला असात तर घराक जा, बाटली उकळूक ठेव."